‘बुडून मृत्यू’ एवढ्यावर बातमी थांबू नये

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांत अधूनमधून एक छोटी बातमी येते. जहाजाच्या तळाची सफाई करताना, धरणाच्या दरवाजाची गळती थांबवताना किंवा पाण्याखालच्या एखाद्या मोठ्या पाइपाचे तोंड मोकळे करताना पाणबुड्याचा बुडून मृत्यू झाला. शोधकार्य अमुक तास चालले. अपघाती मृत्यूची नोंद करण्यात आली. चार-सहा ओळींत बातमी संपते आणि वाचकाच्या मनात राहते ते एवढेच, की काम धोक्याचे होते आणि पाण्यापुढे कुणाचे चालत नाही. मी पंचवीस वर्षे या व्यवसायात होतो, आधी डायव्हर म्हणून आणि नंतर डायव्हिंग सुपरवायझर म्हणून. त्या अनुभवाच्या आधारे ही बातमी कशी लिहिली जाते आणि तिच्यात काय राहून जाते, याविषयी लिहावेसे वाटले.

उंच इमारतीचे काम करताना कामगार खाली पडला, तर ‘जमिनीवर आपटून मृत्यू’ असे लिहून कोणी थांबत नाही. मचाण कसे बांधले होते, कठडा होता का, कमरेला पट्टा होता का, हे विचारले जाते. पाण्याखालच्या कामगाराच्या बाबतीत मात्र ‘बुडून’ हा शब्द आला की विचारणे थांबते. डोक्यावर हेल्मेट, त्यात वरून अखंड येणारी हवा, कानाशी सुपरवायझरचा आवाज आणि पाठीवर राखीव सिलिंडर असलेला माणूस नदीत पोहायला उतरलेल्या माणसासारखा बुडत नसतो. त्याच्या फुप्फुसात पाणी शिरते ते सगळ्यांत शेवटी. त्याआधी कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, कुणी तरी जहाजाचा पंखा चालू केलेला असतो, कुणी तरी पाच माणसांचे काम तिघांत उरकायचे ठरवलेले असते. हे सगळे पाण्याच्या वर, कोरड्यात घडलेले असते.

लोकांना वाटते, की धोका पाण्याच्या खोलीत असतो. खोलीत धोका आहेच. पण खोल समुद्रातल्या कामाला निदान मोठी तयारी, मोठे जहाज आणि कडक नियम यांची जोड असते. मी पाहिलेले जीवघेणे प्रसंग बहुतेक उथळ पाण्यातले होते, पाच-दहा मीटरमधले, ‘अर्ध्या तासाचे काम आहे’ असे सांगून दिलेले. आणि त्यांतही ज्या एका कारणाने माझी झोप सर्वांत जास्त उडवली, ते कारण या व्यवसायाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही त्याला ‘डेल्टा पी’ म्हणतो. अर्थ एवढाच, की एखाद्या भिंतीच्या, दरवाजाच्या किंवा झडपेच्या दोन बाजूंना पाण्याचा दाब सारखा नाही. अलीकडे पाणी उंच आहे, पलीकडे कमी आहे किंवा मुळीच नाही, आणि मध्ये एक भोक आहे. दर दहा मीटर उंचीच्या पाण्यामागे दाब सुमारे एक वातावरण वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ दहा टनांचा भार. दोन बाजूंच्या पातळीत सहा मीटरचा फरक असेल आणि भोक अवघे ३० सेंटिमीटर लांब-रुंद असेल, तर ते भोक ज्याच्या अंगाने झाकले जाईल त्याच्यावर सुमारे ५४० किलोंचा दाब पडतो. वरून चार दणकट माणसांनी दोर ओढला, तरी तो माणूस सुटत नाही; उलट ओढण्याच्या भरात त्याच्या हाडांचे आणि हेल्मेटचे काय होईल, ते सांगता येत नाही. त्याला सोडवण्याचा मार्ग एकच असतो, आणि तो म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणे.

याहून वाईट गोष्ट अशी, की तो धोका आगाऊ जाणवत नाही. भोकाकडे जाणाऱ्या पाण्याचा वेग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. एक मीटर अंतरावर जी ओढ हाताला कळतही नाही, ती अर्ध्या मीटरवर चौपट आणि पाव मीटरवर सोळापट झालेली असते. गढूळ पाण्यात डायव्हरला आपला पंजाही दिसत नाही. तो चाचपत पुढे जातो, हातांनीच पाहतो. अशा माणसासाठी सुरक्षित अंतर आणि मृत्यू यांच्यामध्ये एका हाताचे अंतर असते, आणि तो हात पुढे करणे हेच त्याचे काम असते. अनुभवी डायव्हर ‘मला ओढ जाणवली की मी मागे सरेन’ असे म्हणतो, तेव्हा मला भीती वाटते. कारण ओढ जाणवते तेव्हा मागे सरण्याची वेळ निघून गेलेली असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पाणी अडवणाऱ्या एका जुन्या दरवाजाच्या तळाशी, आठ मीटर खोलीवर, गाळ आणि फांद्या काढण्याचे काम आमच्याकडे होते. पलीकडच्या मार्गावरचा व्हॉल्व्ह बंद आहे, असे मालकाच्या माणसांनी सांगितले. मी जाऊन पाहिले, तर व्हॉल्व्ह उघडा की बंद ते दाखवणारा काटा ‘बंद’वर होता, चाक घट्ट होते. मी डुबकीच्या परवान्यावर सही केली. डायव्हर तरुण होता, कामाला वाघ, तीनेक वर्षांचा अनुभव असलेला. पंधरा मिनिटे सगळे ठीक चालले. मग वर नाळ धरून उभ्या असलेल्या टेंडरने, म्हणजे डायव्हरच्या मदतनिसाने, माझ्याकडे न बघताच डावा हात वर केला. त्याच्या हातात हवेची नळी, बोलण्याची तार आणि दोर एकत्र बांधलेली ती जाड नाळ होती, आणि ती एकाएकी जड झाली होती. त्याच क्षणी स्पीकरवर येणारा श्वासाचा आवाज बदलला. लांब, संथ श्वास तुटक झाले आणि तो म्हणाला, “सर, हात आत गेलाय. निघत नाही.”

त्यानंतरची चाळीस मिनिटे मला आजही मिनिटामिनिटाने आठवतात. गरज पडल्यास मदतीला उतरणारा स्टँडबाय डायव्हर तयार बसलेला होता. त्याला उतरवले, पण नाळ आखूड धरून आणि बाजूने, म्हणजे त्या फटीसमोर तो कुठल्याही क्षणी येणार नाही असा. त्याने फक्त मित्राच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि नाळ मोकळी आहे ना ते पाहायचे, एवढेच त्याला सांगितले होते. वर आमची धावपळ चालली होती ती पलीकडची कोठडी पाण्याने भरून दोन्हीकडची पातळी एक करण्यासाठी. पातळी सारखी झाली आणि हात आपोआप बाहेर आला. तो वाचला. दोन बोटांची संवेदना मात्र गेली ती गेलीच. नंतर व्हॉल्व्ह उघडून पाहिला, तेव्हा कळले की आतला दांडा झिजून झडपेपासून सुटला होता. चाक फिरत होते, काटा फिरत होता, झडप मात्र अर्धवट उघडीच होती. काट्यावर विश्वास ठेवून केलेल्या त्या सहीची मला अजून लाज वाटते.

त्या दिवसानंतर मी कधीही कुणाच्या सांगण्यावरून व्हॉल्व्ह बंद मानला नाही. पलीकडे जाऊन पाणी वाहायचे थांबले आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. व्हॉल्व्हला कुलूप घालायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, माणूस वर येऊन हेल्मेट काढेपर्यंत. जिथे शक्य असेल तिथे दोन्ही बाजूंची पातळी आधी सारखी करून घ्यायची. आणि तरीही माणसाच्या आधी वजन बांधलेला गोणपाटाचा तुकडा दोरीने भोकाशी सोडून पाहायचा. तो तुकडा खेचला गेला तर काम बंद. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो. काम देणाऱ्याला तो अर्धा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो आणि अंदाजपत्रकात तो कधीच धरलेला नसतो.

आता वाचकांनी एक साधा हिशेब करावा. त्या मुलाला वरून नळीने हवा मिळत होती म्हणून तो चाळीस मिनिटे श्वास घेऊ शकला. त्याच्या पाठीवर मौजेखातर डुबकी मारणारे पर्यटक वापरतात तसा १२ लिटरचा, २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर असता, तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा असती. कष्टाचे काम करणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास हवा ओढतो. आठ मीटरवर दाबामुळे तेच ७० लिटरच्या पुढे जाते. म्हणजे सगळी मिळून अर्ध्या तासाहून थोडी अधिक हवा, आणि त्यातली पंधरा मिनिटे अडकण्यापूर्वीच खर्च झालेली. घाबरलेला माणूस याहून कितीतरी जास्त हवा संपवतो. शिवाय त्याच्याशी बोलायला तार नसती, म्हणून तो अडकला आहे हेही आम्हांला उशिराच कळले असते. दुसऱ्या दिवशी बातमी आली असती ती ‘बुडून मृत्यू’ अशीच.

तरीही स्वस्त पडते आणि लवकर आटोपते म्हणून पोटापाण्यासाठीच्या डुबकीत असे सिलिंडर सर्रास वापरले जातात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा नियमांत १३० फुटांपलीकडे असे सिलिंडर वापरायला मनाई आहे, आणि बंदिस्त किंवा अडचणीच्या जागेत तर डायव्हरला दोर बांधून वर माणूस उभा केल्याखेरीज ते चालत नाहीत. माझे स्वतःचे मत याहून कडक आहे. जिथे भोक, पंखा, पंप किंवा दरवाजा आहे, तिथे पाठीवरच्या सिलिंडरच्या भरवशावर कोणालाही उतरवू नये. पाठीवर सिलिंडर असावा, पण राखीव म्हणून; नाळ तुटली किंवा दबली तर निसटण्यापुरता. तो राखीव वायू आणि वर तयार असलेली माणसे यांची किंमत २०१२ साली उत्तर समुद्रात दिसून आली. जहाजाला जागेवर धरून ठेवणारी संगणकीय यंत्रणा बिघडली, जहाज वाहवत गेले आणि सुमारे ९० मीटर खोलीवर काम करणाऱ्या एका डायव्हरची नाळ तुटली. राखीव वायू काही मिनिटांतच संपण्याजोगा होता. त्याला डायव्हिंग बेलमध्ये, म्हणजे डायव्हरांना खाली नेणाऱ्या दाबाच्या कोठडीत, परत आणायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तरी तो जिवंत राहिला. थंड पाणी आणि त्याच्या श्वासातला प्राणवायूचा दाब यांचा त्यात वाटा असावा; पण जहाजावरच्या आणि खालच्या बेलमधल्या माणसांना त्या क्षणी काय करायचे ते अचूक ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

माणसांचा विषय निघाला आहे, म्हणून तोही सांगतो. नळीवरच्या साध्या हवेच्या डुबकीसाठी सागरी कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला सगळे इम्का म्हणतात, ती किमान पाच जणांचा ताफा सांगते. सुपरवायझर, पाण्यात उतरणारा, त्याची नाळ सांभाळणारा, स्टँडबाय डायव्हर आणि त्याची नाळ सांभाळणारा. यातला एकही माणूस रिकामा बसलेला नसतो. स्टँडबाय डायव्हर अख्खा दिवस सूट घालून बसतो, घामाघूम होतो आणि बहुतेक दिवस पाण्याला शिवतही नाही. म्हणून हिशेबनीसाच्या नजरेला तोच आधी खुपतो. मग तो ‘गरज पडली तर’ उतरणारा टेंडर होतो, टेंडर बाजूला कॉम्प्रेसरही बघू लागतो, सुपरवायझर फोनवर मालकाशी बोलत नाळही धरतो. असा तीन माणसांचा ताफा शंभर दिवस व्यवस्थित चालतो. एकशेएकाव्या दिवशी खाली अडकलेल्या माणसाकडे जायला कोणी उरत नाही, आणि कोणी गेलाच तर त्याच्यामागे कोणी नसते. बचावाला गेलेलाही मरतो, अशा दुहेरी मृत्यूंच्या बातम्या वाचकांनी पाहिल्या असतील. त्या वाचताना दुसरा माणूस कोण होता आणि त्याची नाळ कोणाच्या हातात होती, हे मी शोधतो. बातमीत ते सापडत नाही.

कॉम्प्रेसरचे नाव घेतले आहे, तर एका वाक्यात तेही. त्याची हवा ओढणारी नळी एखाद्या इंजिनाच्या धुराजवळ राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड थेट हेल्मेटमध्ये जातो, आणि जो अंश वर फारसा जाणवला नसता तो खाली दाबामुळे दुप्पट-तिप्पट घातक ठरतो. पाण्याखाली धातू कापताना न जळलेला प्राणवायू आणि हायड्रोजन एखाद्या पोकळीत साठून होणारे स्फोट हाही असाच, बाहेर कमी बोलला जाणारा विषय. कापण्यापूर्वी पोकळीला वरच्या बाजूला वाट करून देणे, एवढ्यावर तिथे माणसाचा जीव अवलंबून असतो.

दाबफरकाच्या बाबतीत जगाने अलीकडे पाहिलेली सर्वांत भीषण घटना त्रिनिदाद बेटावरची आहे. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी पॉइंट-अ-पिएर इथे पाच डायव्हर पाण्याखालच्या एका कोरड्या कक्षात, ३० इंच व्यासाच्या तेलवाहिनीचे काम करत होते. वाहिनीत बसवलेला फुगवणीचा बूच काढण्यात आला. वाहिनीतून आधी बरेच तेल काढून घेतलेले असल्याने आत पोकळी राहिली होती आणि दाबातला फरक तिथे दबा धरून होता. बूच सुटताच पाचही जण त्या वाहिनीत खेचले गेले. एक जण काही तासांनी सरपटत बाहेर येऊ शकला आणि त्याने सांगितले, की बाकीचे आत जिवंत आहेत. बाहेर जमलेले डायव्हर आत जायला तयार होते. ज्या सरकारी कंपनीची वाहिनी होती, तिने त्यांना जाऊ दिले नाही. चौघेही परतले नाहीत. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जे आले त्यातली सर्वांत सुन्न करणारी गोष्ट माझ्या दृष्टीने ही, की काम सुरू करण्यापूर्वी दाबफरकाचा धोका कोणी ओळखलाच नव्हता आणि माणसे वाहिनीत अडकली तर काय करायचे, याची कुठलीही योजना नव्हती. त्या चौघांच्या बाबतीत ‘बुडून’ हा शब्द किती अपुरा आहे, ते वेगळे सांगायला नको.

इथे जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येतो. सर्वसाधारण समज असा, की डायव्हिंग कंत्राटदार आणला म्हणजे मालक मोकळा झाला. ब्रिटनमध्ये १९९७ साली केलेल्या आणि १९९८ पासून लागू असलेल्या कामाच्या ठिकाणच्या डायव्हिंगच्या नियमांनी हा समज खोडून काढला आहे. डुबकीच्या कामावर ज्याचा कुठल्याही प्रमाणात ताबा आहे, त्या प्रत्येकावर तिथे कर्तव्य आहे; त्यात काम देणारा मालक आला, जहाजाचा कप्तान आला, बंदराचा अधिकारी आला. प्रत्येक डुबकीसाठी एकच सुपरवायझर लेखी नेमायचा आणि त्या डुबकीपुरता सुरक्षेसाठी त्याने दिलेला आदेश इतरांनी मानायचा. व्हॉल्व्ह, पंप, पंखा आणि दरवाजा हे सगळे मालकाच्या हातात असते. पाण्यातल्या माणसाला त्यांतले काहीच बंद करता येत नाही. म्हणून ज्याच्या हातात चाक, त्याच्यावर जबाबदारी, हे तत्त्व मला न्याय्य वाटते. जहाजाच्या तळाशी माणूस असताना इंजिनकक्षातल्या पाळीबदलात नव्या माणसाला ते सांगितले गेले नाही, एवढ्या एका चुकीने पंखा फिरू शकतो. फलकावर लावलेली ‘डायव्हर पाण्यात आहे’ ही पाटी कोणीही काढू शकतो. कुलूप मात्र किल्लीवाल्याशिवाय निघत नाही.

अपघात झाल्यावर ‘मानवी चूक’ हा शब्द फार लवकर वापरला जातो, तोही मला खटकतो. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्राच्या नॉर्वेजियन भागात बायफर्ड डॉल्फिन या तरंगत्या रिगवर, डायव्हर दाबाखाली राहतात त्या कक्षांना डायव्हिंग बेल जोडणारा क्लॅम्प वेळेआधी उघडला गेला. आतला दाब नऊ वातावरणांचा होता. चार डायव्हर आणि क्लॅम्प हाताळणारा एक सहकारी तत्काळ मृत्युमुखी पडले, दुसरा सहकारी गंभीर जखमी झाला. कित्येक वर्षे दोष त्या मृत सहकाऱ्याच्या माथी होता. पण दाब असेपर्यंत जो उघडताच येणार नाही, असा क्लॅम्प तिथे बसवलेला नव्हता. कुटुंबीयांना या गोष्टीसाठी दोन दशकांहून अधिक काळ लढावे लागले. थकलेला माणूस कधी तरी चुकणारच, हे धरून यंत्र बनवायचे असते, आणि ते तसे बनवले नसेल तर चूक शेवटी हात लावणाऱ्याची एकट्याची नसते.

जे मरत नाहीत, त्यांच्याविषयीही थोडे. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि माणसाला आजारी पाडतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले, आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके जॉन स्कॉट हॉल्डेन व सहकाऱ्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. त्याही आधी, पुलांचे पाये दाबहवेच्या पेट्यांत बसून खोदणाऱ्या कामगारांना याच आजाराने लुळे केले होते. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ पासून अंथरुणाला खिळले ते यामुळेच. कारण आणि उपाय दोन्ही शतकाहून अधिक काळ ठाऊक आहेत. तरी आजही खांदा दुखतोय, पायाला मुंग्या येताहेत, असे सांगायला डायव्हर कचरतो. कारण सांगितले तर उद्याची डुबकी जाते, रोजगार जातो आणि ‘नाजूक आहे’ असा शिक्का बसतो. शुद्ध प्राणवायू ताबडतोब आणि दाबकक्षातला उपचार लवकर मिळाला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे अमेरिकी नौदलाचे सहाव्या क्रमांकाचे कोष्टक माणसाला १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली नेऊन सुरू होते आणि पावणेपाच तासांत पूर्ण होते. इतका वेळ न दिल्याने माणूस उरलेले आयुष्य काठी टेकत चालतो. म्हणून कक्ष कुठे आहे, हे डुबकीच्या आधी ठरलेले असावे लागते. अमेरिकेत १०० फुटांहून खोल किंवा थांबे घेत वर यावे लागणाऱ्या डुबकीसाठी तो कामाच्या जागेपासून पाच मिनिटांच्या आत असावा, असा नियमच आहे.

काही इजा तर वर्षांनी दिसतात. मांडीच्या आणि दंडाच्या हाडांची डोकी आतून मरत जातात आणि सांधा ढासळेपर्यंत कळत नाही. हेल्मेटमधल्या हवेच्या आवाजाने कान जातात. या बाबतीत नॉर्वेतल्या जुन्या डायव्हरांनी दिलेला लढा प्रत्येक देशातल्या कामगाराने माहीत करून घ्यावा असा आहे. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या सुरुवातीच्या काळात कंपन्या आपापली वर येण्याची कोष्टके व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवत आणि लवकर वर आणणारी कोष्टके स्पर्धेत फायद्याची ठरत. स्वतःच्या शरीरावर कोणते कोष्टक वापरले जाते आहे, ते किती सुरक्षित आहे, हे त्या माणसांना कळतच नव्हते. ५ डिसेंबर २०१३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की जीव आणि आरोग्य यांच्या जोखमीची आवश्यक माहिती डायव्हरांना मिळेल याची काळजी नॉर्वे सरकारने घेतली नाही आणि त्यामुळे त्यांच्या हक्कांचा भंग झाला. नुकसानभरपाईपेक्षाही हा माहितीचा हक्क मला मोलाचा वाटतो. कोष्टक, कॉम्प्रेसरच्या हवेचा तपासणी अहवाल, व्हॉल्व्हच्या कुलपाची नोंद, हे सगळे उतरणाऱ्याला उतरण्याआधी पाहायला मिळाले पाहिजे, आणि ते पाहून ‘मी उतरत नाही’ असे तो म्हणाला, तर त्याची रोजी त्या कारणाने जाता कामा नये.

या व्यवसायात येऊ पाहणारे तरुण आणि त्यांचे आईवडीलही आपले वाचक असतील. पगाराआधी त्यांनी ताफ्यात माणसे किती असतात, हवा वरून येते की पाठीवरून, आणि सुपरवायझरने काम थांबवल्यास त्याचे पुढे काय होते, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तिथे जाऊ नये.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी अशी बातमी हाती येईल, तेव्हा पोलिसांच्या नोंदीतला ‘बुडून’ हा शब्द उतरवून घेतल्यावर कामाच्या जागी आणखी थोडा वेळ थांबावे. पलीकडे पाणी वाहत होते का. व्हॉल्व्हला किंवा पंख्याला कुलूप होते का आणि किल्ली कोणाच्या खिशात होती. स्टँडबाय डायव्हर कोण होता आणि त्या वेळी त्याच्या अंगावर सूट होता का. सुपरवायझर लेखी नेमलेला होता का, आणि काम लवकर संपवा असे त्या दिवशी त्याला कोणी सांगितले होते का, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ‘याचे उत्तर देण्यास कंपनीने नकार दिला’ असे छापावे. माझ्या त्या तरुण सहकाऱ्याची बातमी कधीच झाली नाही. आता तो नव्या मुलांना शिकवतो आणि पहिल्याच दिवशी त्यांना जुन्या व्हॉल्व्हचा तो झिजलेला दांडा हातात देऊन, डोळे मिटून चाचपायला सांगतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त डायव्हिंग सुपरवायझर